काटेमास्तरांच्या दोन फिल्म्स

१

"बाई, ही दोन वेगळी माणसं आहेत," असं म्हणत मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्या टेबलावर दोन फिल्म्स टाकल्या.

मी डबा उघडून बसले होते. तो झाकला आणि हात पुसले. सत्तावीस वर्षं मी या इस्पितळाच्या तळघरात बसून माणसांच्या डोक्यांचे फोटो काढते आहे. लोक मला फिल्मबाई म्हणतात, माझं खरं नाव आता पगारपत्रकावरच उरलंय. वरच्या मजल्यांवरचे डॉक्टर खाली उतरतात ते दोनच कारणांनी. एक तर लिफ्टचं बटण चुकतं, नाहीतर माझी चूक सापडलेली असते. आज डॉक्टरांचा चेहरा पाहून लिफ्टचं कारण नाही हे कळत होतं.

मी दोन्ही फिल्म्स उजेडाच्या पेटीवर लावल्या. डावीकडची चार वर्षांपूर्वीची, उजवीकडची गेल्या मंगळवारची. दोन्हींवर एकच नाव, एकच जन्मतारीख, आणि खाली दोन्हींवर माझीच सही. डाव्या फिल्ममधला मेंदू कवटीत सैल पडला होता, वाळलेल्या अक्रोडासारखा. मधल्या पोकळ्या मोठ्या, घड्यांमध्ये काळ्या भेगा. उजवीकडचा मात्र भरलेला होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा असावा तसा, किंबहुना त्याहून थोडा बरा.

"आक्रसलेला मेंदू परत भरत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः त्यांच्या घरच्यांना चार वर्षांपूर्वी हे सांगितलं. तेव्हा एक तर तुम्ही नावांची अदलाबदल केलीत, नाहीतर मशीनमध्ये भलताच माणूस झोपला."

अदलाबदल शक्य नव्हती. मंगळवारी सकाळी एकच फोटो काढला आणि दुपारी मशीन बंद पडलं. त्याचा सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. पुन्हा फोटो काढून सोक्षमोक्ष लावायची वाटही त्यामुळे बंद होती, आणि दुसऱ्या इस्पितळातल्या मशीनला दोन महिन्यांची रांग.

रुग्ण होते काटेमास्तर. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. धान्याच्या गोदामापासून सोनाराच्या दुकानापर्यंत ज्याचा काटा बिघडला तो त्यांच्याकडे यायचा. मग त्यांचं डोकं चालेनासं झालं. आता येत्या एक तारखेला त्यांना विसरभोळ्यांच्या निवासात ठेवायचं ठरलं होतं. तिथे दारं बाहेरून बंद असतात आणि आत गेलेला माणूस सहसा परत येत नाही. त्या निवासाला ताजी फिल्म हवी होती, म्हणून मंगळवारची खटपट. एक तारखेला नऊ दिवस राहिले होते.

"ही फिल्म त्यांची असेल तर त्यांना तिथे पाठवणं हा अन्याय आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि नसेल तर कोणीतरी माझ्या डोळ्यांत धूळ फेकतंय. मी महिन्याभरापूर्वी त्यांना तपासलं. एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही त्यांनी. खिडकीकडे बघत बसले होते. शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर मला वर तक्रार लिहावी लागेल."

माझ्या निवृत्तीला तीन महिने होते. पण खरं सांगते, डॉक्टर गेल्यावर मला माझी काळजी वाटली नाही. मला मंगळवारचा तो हात आठवला.

२

चार वर्षांपूर्वी काटेमास्तरांना मशीनमध्ये झोपवताना त्यांचा उजवा हात एवढा थरथरत होता की मला तो पट्ट्याने बांधावा लागला होता. त्यांची बायको शेजारी उभी होती. लहानखुरी बाई, हातात मनगटी घड्याळ धरलेलं. दर पाच मिनिटांनी विचारायची, अजून किती वेळ, त्यांच्या गोळीची वेळ होतेय. मी थोडं तिरसटपणे उत्तर दिलं होतं. मशीन गोळीसाठी थांबत नाही, असं काहीतरी.

मंगळवारी ती नव्हती. अकरा महिन्यांपूर्वी ती देवाघरी गेल्याचं मुलीनेच अर्जावर लिहिलं होतं. आणि मशीनमधल्या माणसाचा हात मुळीच थरथरत नव्हता. तो पोटावर शांत पडून होता, झोपलेल्या मांजरासारखा. पट्टा मी कपाटातून बाहेर काढलाही नव्हता.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. मंगळवारी दोन म्हातारे आले होते. एक काटेमास्तर, दुसरे त्यांचे थोरले भाऊ. तसंच नाक, तसंच टक्कल पडलेलं कपाळ, दोघांच्याही अंगात राखाडी स्वेटर. मुलगी उशिरा पोहोचली. कपडे बदलायच्या खोलीत दोघंही गेले आणि इस्पितळाचा निळा झगा घालून एक बाहेर आला. कोण आला, हे मी पाहिलं का? मी झगा पाहिला. सत्तावीस वर्षांत मी चेहरे बघायचं कधी सोडून दिलं ते मलाच आठवत नाही. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

म्हणजे डॉक्टर बरोबर असतील तर माझ्या नाकासमोर एका भावाच्या जागी दुसरा भाऊ झोपला होता.

३

थोरले पोस्टातून निवृत्त झाले होते. बुधवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते जिन्यात बसून बूट पुसत होते. मी कशासाठी आले ते सरळ सांगितलं. मला आडून बोलता येत नाही.

ते रागावले नाहीत. बुटाला आणखी दोन हात मारून म्हणाले, मनात आलं होतं. त्यांच्या भावाला कुलपात घालणार, हे त्यांना सोसत नव्हतं. लहानपणी दोघं एका अंथरुणात झोपले होते. मुलीशी त्यांचं यावरून भांडणही झालं. पण ती तरी काय करणार? दिवसभर टेलिफोन कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकते, घरी येऊन बापाची उस्तवार करते, नवरा नाही, मदतीला एक कामवाली मावशी तेवढी. "तिला बोलताना मी जिभेला हाड नसल्यासारखा बोललो," ते म्हणाले आणि बूट खाली ठेवला.

"मग मंगळवारी तुम्ही झोपलात का मशीनमध्ये?"

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, नाण्याएवढा उंचवटा होता. हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र.

"तुमच्या त्या लोहचुंबकात शिरलो असतो," ते म्हणाले, "तर आत्ता तुम्ही माझ्याशी नाही, माझ्या भिंतीवरच्या फोटोशी बोलत असता."

मला हसू आलं आणि लगेच घामही फुटला. असं यंत्र असलेला माणूस आमच्या मशीनमधून हसतखेळत बाहेर येत नाही. थोरले सुटले. पण भाऊ नाही तर कोणी तिसरा आणला असेल, असं डॉक्टर म्हणतीलच. एकेका म्हाताऱ्याच्या मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी धंद्याने फिल्मबाई आहे, आणि साक्षीदार माझ्याच उजेडाच्या पेटीवर टांगलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

४

सगळे मेंदूकडे बघतात. मी त्या दुपारी मेंदू सोडून कपाळाच्या हाडाकडे पाहिलं.

भुवयांच्या मागे, हाडाच्या आत, हवेच्या पोकळ्या असतात. फिल्मवर त्या काळ्या दिसतात. त्यांचा आकार प्रत्येकाचा वेगळा, बोटांच्या ठशांसारखा. सख्ख्या भावांचाही जुळत नाही. माणूस वेडा होवो, शहाणा होवो, त्या वयात त्या काही नवीन आकार धरत नाहीत.

चार वर्षांपूर्वीच्या फिल्मवर उजवीकडे तीन फुगवटे होते, डावीकडे एकच बारका, आणि मधला पडदा तिरका. मंगळवारच्या फिल्मवर उजवीकडे तीन फुगवटे, डावीकडे एकच बारका, आणि पडदा तितकाच तिरका. मी पट्टीने मोजलं. मग डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्या हातात पट्टी दिली. त्यांनीही दोनदा मोजलं.

"एकच माणूस," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मी मनातल्या मनात जिंकले होते. पण डॉक्टरांचा चेहरा पडला होता. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका बाईला सांगितलं होतं की तुझा नवरा परत येणार नाही. तो परत आला होता, आणि ती बाई नव्हती.

मी विचारलं, कशाने आक्रसलेला मेंदू परत भरतो? त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले की क्वचित भरतो. दारू सोडली तर. उपासमार थांबली तर. आणि काही औषधं वर्षानुवर्षं फार जास्त झाली असतील आणि ती कमी केली तर. मास्तर दारूला शिवत नव्हते. औषध मात्र एक होतं, आकडीचं. बारा वर्षांपूर्वी शिडीवरून पडून डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्यांना आकडी येऊ लागली आणि तेव्हापासून गोळ्या. त्या औषधाने हात थरथरतात, माणूस मंद होतो, शब्द सापडत नाहीत, आणि क्वचित फिल्मवरही मेंदू आक्रसलेला दिसतो. "पण मी दिलेला डोस साधा आहे. त्याने एवढं व्हायला नको. आणि तो चालू आहे, मुलगी सांगते."

"चालू नसेल तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तर कोणीतरी त्यांच्या गोळ्या लपवतंय. बाई, आकडीच्या माणसाची गोळी अशी परस्पर बंद केली तर तो एखाद्या दिवशी मरू शकतो. हे करणारा त्यांचा मित्र आहे की वैरी, ते मला माहीत नाही. पण मला आजच कळायला हवं."

५

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर. मावशीने दार उघडलं. आतल्या खोलीच्या अर्धवट दारातून मला मास्तर दिसले, खिडकीशी, पाठमोरे.

मावशी मला बघून आधी बिथरली. गोळ्यांचा विषय काढताच तिने डबी आणून आदळली. आठवड्याच्या सात खणांची डबी. रविवारी मुलगी भरते, मावशी सकाळी देते, संध्याकाळी मुलगी. "मोजा," ती म्हणाली. "चोरून खायला त्या काय बत्तासे आहेत?" मी मोजल्या. बरोबर होत्या. गोळ्या त्यांच्या पोटात जातात हे तुला कसं माहीत, असं विचारलं तर म्हणाली, जीभ उचलून दाखवतात मास्तर, काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लावलेली सवय.

मग ती जरा निवळली आणि बोलू लागली. काकू होत्या तेव्हा औषधाचं काय कडक होतं! घड्याळ लावून, सकाळी आठ आणि रात्री आठ. भाचीच्या लग्नातसुद्धा मांडवातून उठून घरी आल्या होत्या. "आता सोपं झालंय. तेव्हा दर वेळी दोन असायच्या, एक पांढरी, एक गुलाबी. आता नुसती गुलाबी."

"पांढरी कधी बंद झाली?"

"काकू गेल्या तेव्हा. ताईंनी डॉक्टरांच्या कागदावर बघितलं, त्यात एवढी एकच होती."

मुलगी तेवढ्यात कामावरून आली. दमलेली, कानावर टेलिफोनच्या यंत्राचा वळ उमटलेला. पांढरी गोळी पोटासाठी असेल असं तिला वाटलं होतं. आई गेल्यावर तिने सगळा पसारा एकदा डॉक्टरांच्या ताज्या कागदाशी ताडून पाहिला आणि जे कागदावर नव्हतं ते आणलं नाही. यात चूक काय? काही नाही. मी तिला तसं सांगितलं. मग विचारलं की आई कागद कुठे ठेवायची.

तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला, उभ्या फळीवर, एक मळका कागद चिकटवलेला होता. गुलाबी गोळीचा, सात वर्षांपूर्वीचा, आधीच्या डॉक्टरांच्या अक्षरातला. त्याच्या शेजारी तेवढ्याच आकाराचा एक चौकोन होता. तिथला रंग आजूबाजूपेक्षा उजळ होता आणि चारी कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे तुकडे उरले होते.

"इथे दुसरा कागद होता," मी म्हणाले.

मुलीने पाहिलं. "होता. आई असताना होता. कोणी काढला?"

मावशीने नाही म्हटलं. मुलीने नाही म्हटलं. थोरले वर्षभरात स्वयंपाकघरात शिरले नव्हते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मी जिना उतरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले.

६

दुकानदार सज्जन माणूस होता, आणि सज्जन माणसंच कधी कधी घात करतात. तो म्हणाला, काकू दर महिन्याला पांढऱ्या गोळ्या त्याच्याकडून न्यायच्या, बारा वर्षांपूर्वी दाखवलेल्या कागदावर. पुढे त्याने कागद पुन्हा कधी मागितला नाही, इतकी जुनी ओळख. आणि गुलाबी? ती इस्पितळाच्या खिडकीवर मिळायची. सात वर्षांपूर्वी इस्पितळाने औषधाची कंपनी बदलली, तेव्हापासून.

मी त्याला पांढरी गोळी दाखवायला सांगितली. पाकिटावर ठळक अक्षरात एक नाव होतं. माझ्या खिशात मावशीकडून घेतलेलं गुलाबीचं पाकीट होतं, त्यावर ठळक अक्षरात दुसरंच नाव. मी चष्मा पुसला. दोन्हींच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, जे कोणी वाचत नाही. दोन्हींचं एकच होतं.

दुकानदार मान खाली घालून उभा राहिला. मी गुलाबीचं पाकीट परत खिशात ठेवलं.

सात वर्षांपूर्वी आधीच्या डॉक्टरांनी नवा कागद लिहिला होता, ही गोळी सुरू करा. त्यांना म्हणायचं होतं, जुनीच्या ऐवजी. पण तसं त्यांनी लिहिलं नाही, आणि काकूंना कोणी सांगितलं नाही. ती बाई डॉक्टरांचा शब्द मोडणारी नव्हती. जुनी बंद करा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून तिने जुनी बंद केली नाही. नवी सुरू करा म्हणाले, म्हणून नवी सुरू केली. दोन्ही कागद शेजारी शेजारी चिकटवले आणि घड्याळ लावून, डोळ्यांत तेल घालून, दिवसातून दोन वेळा नवऱ्याला दुप्पट औषध दिलं. इस्पितळात जाताना मात्र ती तिथलाच ताजा कागद नेई, कारण तिथे तोच विचारत. वर्षभरात मास्तरांचा हात थरथरू लागला. मग एका गोदामाचा काटा त्यांच्या हातून चुकला आणि त्यांनी काम सोडलं. मग माझी पहिली फिल्म. ती जितकी नेमाने औषध देत गेली, तितका तो तिच्या हातून सुटत गेला. आणि ती गेली तेव्हा तो परत येऊ लागला.

मी वर जाऊन हे मुलीला सांगितलं. चुलीपाशी उभ्या उभ्या सांगितलं, बसायला सांगायचं राहूनच गेलं. ती रडली नाही. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि परत तिथेच ठेवलं.

"शेवटच्या दिवशी ती म्हणाली होती, यांची गोळी चुकवू नकोस," ती म्हणाली. "बाबांना सांगू नका हो. ते बरे होत असतील तर होऊ देत. आईने असं केलं हे त्यांना कळता कामा नये."

मी कपाटाच्या दारावरच्या त्या उजळ चौकोनाकडे बघत होते. गहाळ कागद मावशीला वाचता येत नव्हता. मुलीला तो पोटाच्या गोळीचा वाटत होता, तो काढायचं तिला कारण नव्हतं. तो कागद फक्त अशाच माणसाने काढला असता ज्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले होते, आणि ज्याला कळलं होतं की त्या दोन्हींत एकच औषध लिहिलंय. घरात असा एकच माणूस उरत होता.

मी आतल्या खोलीचं दार ढकललं.

७

"मास्तर," मी म्हणाले, "कागद कुठे आहे?"

ते वळले. चार वर्षांपूर्वी या डोळ्यांत कोणी नव्हतं. आता होतं. त्यांनी स्वेटरच्या आतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"दार लावून घ्या," ते म्हणाले. आवाज महिनोन्महिने न वापरलेला होता.

मी दार ओढलं. ते हळू बोलत होते, मधेच शब्द शोधत, पण शब्द सापडत होते. पहिले काही महिने ते रोज विचारायचे, ती कुठे आहे. मुलगी रोज सांगायची आणि रोज नव्याने रडायची. मग एका सकाळी त्यांना उठल्या उठल्या आठवलं की ती गेली. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. घरच्यांना वाटलं, बोलणंही गेलं. मग हात थांबला. मग वाचता येऊ लागलं. एक दिवस स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि कपाटाचं दार उघडं होतं.

"मी काटे दुरुस्त करणारा माणूस," ते म्हणाले. "एकच वजन दोनदा टाकलं की कळतं मला. दोन्ही कागदांवर कंसात औषधाचं तेच मूळ नाव होतं. बेरीज केली, आणि खाली बसलो."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीत? ते तुम्हाला कुलपात घालणार होते."

"बरा झालो म्हटलं तर विचारतील, कसा बरा झालो. शोधतील. तुम्ही शोधलंतच की." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "तिने माझ्यासाठी काय नाही केलं? आणि लोक म्हणणार, बायकोनेच घालवला. माझ्या पोरीला वाटणार, आईने घालवला. त्यापेक्षा गेलो असतो तिथे. पोरीचंही ओझं उतरलं असतं. डॉक्टरांना सांगा हवं तर, त्यांना औषध ठरवायचंय. पण पोरीला सांगू नका."

मी आयुष्यात फार वेळा अडखळत नाही. तेव्हा अडखळले. मग म्हणाले, "मास्तर, तिला कळलंय. दहा मिनिटांपूर्वी तिने मला हेच तुमच्याबद्दल सांगितलं."

त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली कोणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं. मला त्या लहानखुऱ्या बाईची, तिच्या घड्याळाची आणि माझ्या तिरसट उत्तराची आठवण झाली आणि मी स्वतःला क्षमा करू शकले नाही, अजूनही केलेली नाही. तिने मला गोळीची वेळ सांगितली होती. मी एकदा विचारलं असतं, कुठली गोळी, किती, तर कदाचित. पण कोण विचारतं?

मास्तरांनी हात काढले.

"बाई, तुमच्या मशीनमध्ये सगळं दिसतं ना?"

"बरंच दिसतं."

"ती माझ्याशी बोलायची. शेवटची पाच-सहा वर्षं. रोज बोलायची, मला ओठ हलताना आठवतात. काय बोलायची ते आठवत नाही. मेंदू भरलाय म्हणता तुम्ही. मग त्यात ते कुठे दिसतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही हो, मास्तर," मी म्हणाले. "जागा भरते. त्या जागेत जे कधी उतरलंच नाही, ते नाही येत."

त्यांनी मान हलवली. बिघडलेला काटा परत करताना गिऱ्हाइकाला सांगावं, हा नाही होणार, तशी. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. त्यांनी फक्त कोणाला तरी विचारून पाहिलं होतं.

दार उघडलं. मुलगी किती वेळ बाहेर उभी होती कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती आत आली, बापाच्या समोर पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ती काय बोलायची ते मी ऐकलंय, बाबा," ती म्हणाली. "मी शेजारच्या खोलीत असायचे. सगळं नाही आठवत. काही तर मला चेष्टेचं वाटायचं, भिंतीशी बोलल्यासारखं. पण जेवढं आठवतं तेवढं सांगते."

मी माझी पिशवी उचलली. डॉक्टरांना आज संध्याकाळीच कळवायचं होतं आणि निवासाला लिहायचं होतं की एक तारखेची खोली दुसऱ्या कोणाला द्या. मी दाराशी पोहोचले तेव्हा तिने सुरुवात केली होती आणि पहिल्याच वाक्यात तिचा आवाज फुटला.

"सावकाश सांग," काटेमास्तर म्हणाले. "मला आता कुठे जायचं नाहीये."